त्याच भट्टीतला दगड

मॉरिशसचा विमानतळ बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात आहे. तिथून बाहेर पडलं की दोन्ही अंगांना ऊस लागतो, आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांच्या राशी उभ्या दिसतात. काही राशी नुसते ढीग असतात. काही मात्र नीट थरावर थर रचलेल्या, वर निमुळत्या होत गेलेल्या, दोन पुरुष उंचीच्या. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, जुन्या देवळांचे चौथरे असावेत. गाडी चालवणाऱ्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, "शेतातले दगड. आमच्या पणज्यांनी वेचलेले." मी गाडी थांबवायला सांगितली आणि एका राशीपाशी जाऊन दगडावर हात ठेवला. काळा, जड, जागोजागी सुईच्या अग्राएवढी छिद्रं पडलेला. राजगडाच्या वाटेवर जो दगड पायाखाली येतो, तोच.

हे साम्य मला तेव्हा योगायोगाचं वाटलं होतं. पुढे वाचत गेले तशी त्यामागची हकीगत कळली, आणि हे पुस्तक लिहायचं ठरलं ते तिच्यामुळे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त ठिकाणावरून भारताचं भूकवच सरकत होतं. तिथून थरांवर थर लाव्हा वर आला आणि दख्खनचं पठार घडलं. आपला सह्याद्री म्हणजे त्या थरांची झिजलेली कड. भूकवच उत्तरेकडे सरकत राहिलं, खालची भट्टी साधारण आपल्या जागीच राहिली. मग तिच्यावर जे जे आलं तिथे तिथे समुद्रातून डोंगर वर आले: लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ज्यांच्या माथ्यावर बसले आहेत ती बुडालेली रांग, त्यानंतर कितीतरी काळाने, ८०-९० लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस, आणि शेवटी शेजारचं रियुनियन. रियुनियनवरचा ज्वालामुखी अजून जिवंत आहे, अधूनमधून वाहतो. बहुतेक भूवैज्ञानिक आज ही साखळी अशीच जोडतात. म्हणजे सह्याद्री आणि मॉरिशस एकाच चुलीवरचे, फक्त एक फार आधी उतरवलेला. १८३४ नंतर मुंबई बंदरातून कोकणातली माणसं करारावर या बेटावर नेली गेली आणि त्यांनी उन्हात वाकून शेतातले दगड वेचले. जो कातळ मागे टाकून ती आली होती, त्याच कातळाचं धाकटं भावंड त्यांच्या हातात होतं. त्यांना हे ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. आपल्याला आता ठाऊक आहे, तर ते सोबत घेऊन तिथे जावं, एवढीच या पुस्तकामागची इच्छा.

आपल्याकडून मॉरिशसला जाणारे बहुतेक लोक सहा-सात दिवसांसाठी जातात. त्यात किनाऱ्यावरचं हॉटेल, एक दिवस होडीतून छोट्या बेटांवर, एक दिवस दक्षिणेकडची फेरी, एक दिवस पोर्ट लुईचा बाजार. त्यात वाईट काही नाही. समुद्र खरोखरच तसा आहे जसा छायाचित्रात दिसतो. पण त्या समुद्राला तो रंग का आला, किनाऱ्यावर लाटा का फुटत नाहीत, हे कुणी सांगत नाही, आणि न कळता पाहिलेलं पाणी घरी येईपर्यंत विसरून जातं.

बेटाभोवती प्रवाळांची भिंत आहे. समुद्र तिथे, किनाऱ्यापासून कुठे काही शे मीटर, कुठे त्याहून बरंच दूर, पांढऱ्या रेघेसारखा फुटतो. आतलं पाणी म्हणजे खाजण, तिथल्या भाषेत लगून. ते उथळ, तळाशी पांढरी वाळू, म्हणून फिकट निळं-हिरवं. ती वाळूसुद्धा बरीचशी प्रवाळांची आणि शिंपल्यांची भुकटीच आहे. ही भिंत काय करते हे पाहायचं असेल तर जिथे ती नाही तिथे जावं. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्री नावाची जागा आहे. तिथे प्रवाळाची रांग तुटलेली आहे, आणि हिंदी महासागर थेट काळ्या कड्यावर येऊन आदळतो. पोहायला मनाई आहे आणि ती पाळावी. पावसाळ्यात हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर उभं राहिलेल्या माणसाला ते दृश्य परकं वाटणार नाही. सकाळ ग्री ग्रीला आणि दुपार एखाद्या शांत लगूनमध्ये घालवली की प्रवाळ म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

ही भिंत आज दुखणाईत आहे. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारं शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. ताप लवकर उतरला नाही तर मरतो. १९९८ पासून जगभरच्या समुद्रांप्रमाणे इथेही हे वारंवार घडलं आहे. लगूनमधली वाळू बांधकामासाठी उपसणं तिथल्या सरकारने २००१ मध्ये बंद केलं, हे चांगलं झालं. आग्नेयेला ब्लू बे इथे सागरी उद्यान आहे, आणि पोहता न येणाऱ्यांनासुद्धा काचेच्या तळाच्या होडीतून तिथले प्रवाळ दिसतात. मेंदूसारख्या वळ्या असलेला एक प्रवाळ तिथे पाच-सहा मीटर रुंद आहे. त्याच्यावरून होडी सरकते तेव्हा होडीतली बोलणी थांबतात, हे मी दोनदा अनुभवलं.

पश्चिमेला तामारँच्या खाडीत पहाटे डॉल्फिन दाखवायला नेतात. याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हे डॉल्फिन रात्रभर खोल समुद्रात शिकार करतात आणि सकाळी उथळ पाण्यात विसाव्याला येतात. नेमक्या त्या वेळी होड्या त्यांच्या पाठी लागतात, माणसं त्यांच्यासमोर उड्या टाकतात. मी एकदा त्या होडीत होते आणि ते पाहून मन उदास झालं. जायचंच असेल तर लांब उभी राहणारी होडी शोधा, इंजिन बंद ठेवायला सांगा, आणि पाण्यात उतरू नका.

आता बेटाच्या आत जाऊ. या पुस्तकाची निम्म्याहून अधिक पानं तिथेच खर्ची पडली आहेत.

मधलं पठार उंच आहे आणि आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे त्याला अडतात. म्हणून पश्चिम किनारा कोरडा आणि क्यूरपिपच्या बाजूला छत्री हातातून सुटत नाही. पठारावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जेमतेम निम्मं. पण इथले डोंगर सरळ मैदानातून उठतात, म्हणून उंचीच्या मानाने फार करारी दिसतात. पोर्ट लुईच्या मागे पीटर बोथचं शिखर आहे, त्याच्या टोकावर एक अजस्र धोंडा माणसाच्या डोक्यासारखा टेकलेला. लोककथा सांगते की तो दगड झालेला गवळी आहे: पऱ्यांना नाचताना त्याने पाहिलं आणि ते गुपित त्याच्या पोटात राहिलं नाही.

नैर्ऋत्येला ब्लॅक रिव्हर गॉर्जेस नॅशनल पार्क आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेलं, पासष्टेक चौरस किलोमीटरचं हे रान म्हणजे मूळ जंगलाचा उरलेला सर्वांत मोठा तुकडा. मराठी माणूस तिथे गेला की त्याला घरी आल्यासारखं वाटतं. फांदीवर साळुंकी ओरडते. शिपाई बुलबुल तुरा उभारून बसलेला असतो. रस्ता ओलांडून मुंगूस जातं. मलाही फार बरं वाटलं होतं. मग सोबतच्या वाटाड्याने अगदी शांतपणे सांगितलं की यातलं एकही इथलं नाही. साळुंकी, बुलबुल, मुंगूस, तिन्ही भारतातून आणलेली. मुंगूस तर १९०० च्या सुमाराला उंदीर मारावेत म्हणून आणलं आणि ते पक्ष्यांच्या अंड्यापिल्लांवर पडलं. हरणं डचांनी जावामधून १६३९ मध्ये आणली. माकडंही बाहेरची. रस्त्याकडेला पंख्यासारखी उभी असलेली झाडं मादागास्करची. आणि ज्या दाट हिरव्या झुडपांना मी जंगल समजत होते, ती ब्राझीलकडचा चिनी पेरू. त्याची लाल आंबटगोड फळं वेचायला हंगामात कुटुंबंच्या कुटुंबं डोंगरात जातात, पण त्याच्या दाटीत मूळ झाडाचं रोप डोकं वर काढू शकत नाही.

त्या दिवसानंतर मी बेटाकडे वेगळ्या नजरेने पाहायला शिकले. डोळ्यांना जे चटकन दिसतं ते बहुतेक आणलेलं, आणि बेटाचं स्वतःचं जे आहे ते शोधावं लागतं. चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरलं आहे. आबनूस कापून डचांनी जहाजं भरली, मग फ्रेंचांनी आणि ब्रिटिशांनी उसासाठी जमीन मोकळी केली. उद्यानात काही कुंपण घातलेले तुकडे आहेत. तिथे परकी झुडपं हाताने उपटून काढली जातात. कुंपणाच्या एका बाजूला चिनी पेरूची भिंत आणि दुसऱ्या बाजूला विरळ, शेवाळलेल्या खोडांचं, नेचे आणि आमरी अंगावर वागवणारं रान. या कुंपणाच्या कडेने दोनशे पावलं चालणं हा मॉरिशसमधला माझ्या लेखी सर्वांत मोठा अनुभव.

डोडोबद्दल लिहिलं नाही तर वाचक मला माफ करणार नाहीत. डच या बेटावर १५९८ मध्ये उतरले आणि त्यांनी त्याला आपल्या राजपुत्राचं, मॉरिसचं नाव दिलं. त्यांना हा न उडणारा, माणसाला न भिणारा पक्षी भेटला. त्याच्या शेवटच्या दर्शनाचं सर्वसाधारणपणे मानलं जाणारं साल १६६२. म्हणजे ६४ वर्षांत संपला. शिकारीपेक्षा जहाजांवरून उतरलेल्या उंदीर, डुकरं आणि माकडांनी त्याला अधिक संपवलं, कारण तो घरटं जमिनीवर करायचा. १८६५ मध्ये जॉर्ज क्लार्क या शाळामास्तरांना मार ओ साँज नावाच्या दलदलीत डोडोची हाडं सापडली आणि तेव्हा कुठे त्याची नीट ओळख पटली. एकेकाळी युरोपातले काही जण त्याला दंतकथाच समजत होते. आपल्या बाजूने सांगण्याजोगी गोष्ट अशी की डोडोचं अत्यंत विश्वासार्ह मानलं जाणारं चित्र जहांगीरच्या दरबारातलं आहे. उस्ताद मन्सूरच्या नावावर ते दिलं जातं, साधारण १६२५ चं, आणि आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने त्याच सुमाराला सुरतेत दोन जिवंत डोडो पाहिल्याची नोंद केली. हिंदुस्थानी चित्रकाराने त्या पक्ष्याकडे नीट पाहिलं, म्हणून तो कसा उभा राहायचा ते जगाला कळलं.

डोडो गेला. त्याच्यामागून बरेच जाणार होते. १९७४ मध्ये मॉरिशसचा ससाणा जंगलात फक्त चार उरला होता आणि त्यात पिल्लं घालणारी मादी एकच. जंगलतोड, मुंगसं, आणि हिवतापासाठी फवारलेलं डीडीटी, तिन्हींनी मिळून त्याला तिथवर आणलं. वेल्सचा कार्ल जोन्स हा तरुण जीवशास्त्रज्ञ १९७९ मध्ये तिथे आला, तो खरं तर हे काम आवरतं घ्यायला. त्याने आवरलं नाही. पहिली अंडी काढून उबवणीयंत्रात ठेवली की मादी पुन्हा अंडी घालते, एवढ्या साध्या गोष्टीवर त्याने काम उभं केलं. कड्यावर चढून अंडी आणायची, पिल्लं वाढवायची, पेट्यांची घरटी टांगायची, रानातल्या जोड्यांना पांढरे उंदीर चारायचे. काही वर्षांत ससाणे शेकड्यांत गेले. मग गुलाबी कबुतर. १९९०-९१ च्या सुमाराला रानात दहाच्या आत होतं. मग हिरवा एको पोपट. दोन्ही आज शेकड्यांनी आहेत. जोन्स यांना २०१६ मध्ये इंडियानापोलिस पुरस्कार मिळाला. त्यांच्याबरोबर झाडं चढणारी, घरट्यांवर रात्री जागणारी मॉरिशियन तरुण मंडळी होती, आणि आज हे काम प्रामुख्याने तीच चालवतात.

हे सगळं प्रवाशाला जवळून पाहता येतं ते इल ओ एग्रेत या छोट्या बेटावर. माएबूरजवळून होडीने काही मिनिटं. क्षेत्रफळ अवघं २६ हेक्टर, आणि जमीन काळ्या कातळाची नसून प्रवाळाच्या चुनखडीची. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने इथले उंदीर आणि मांजरं हटवली, परकी झुडपं काढली, आबनुसाची झाडं वाचवली. इथे एक अडचण होती. आबनुसाची फळं झाडाखालीच पडून राहायची, कारण ती खाऊन बी दूर टाकणारी मॉरिशसची मोठी कासवं खलाशांनी केव्हाच खाऊन संपवली होती. म्हणून अल्दाब्रा बेटावरच्या जातीची महाकाय कासवं आणून सोडली. ती फळं खातात, चालतात, बी टाकतात, आणि कासवाच्या पोटातून गेलेलं बी अधिक चांगलं रुजतं असं दिसून आलं. शंभर-दीडशे किलोचं ते जनावर वाटेत आडवं बसलं की आपण थांबायचं, वाटाड्याही थांबतो.

याच किनाऱ्यासमोर २५ जुलै २०२० रोजी वाकाशियो हे जपानी मालकीचं जहाज प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल लगूनमध्ये सांडलं. कुणाची वाट न पाहता माणसं किनाऱ्यावर धावली. कापडी पिशव्या शिवून त्यांत उसाचं पाचट भरलं, त्या लांबच लांब जोडल्या आणि तेल अडवायला पाण्यावर सोडल्या. लोकांनी केस कापून दिले, कारण केस तेल शोषतात. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला पाचट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ज्या उसाने बेटाचं जंगल खाल्लं, त्याच उसाचं पाचट समुद्र वाचवायला कामी आलं. त्या दिवसांची छायाचित्रं मी अजून जपून ठेवली आहेत.

शामारेलची सात रंगांची माती सगळेच पाहतात. ती पाहताना कोकणातला जांभा आठवावा. ऊन-पावसाने काळा कातळ कुजतो, विरघळणारं ते वाहून जातं आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगं उरतात. तांबडा, तपकिरी, जांभळा हे रंग त्यांचे. पाम्प्लेमूसच्या बागेत थाळ्यांसारख्या पानांची कमळं आहेत आणि आयुष्यात एकदाच, चाळीस-साठ वर्षांनी फुलून मरणारा तालिपोट ताड आहे. गंगा तलाव हे विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखातलं तळं. महाशिवरात्रीला लाखो माणसं कावड घेऊन चालत येतात. दर्शन जरूर घ्यावं. तिथल्या माकडांना मात्र काही खायला घालू नये. ती माजली की गुलाबी कबुतरांची घरटी लुटतात.

ल मॉर्नचा डोंगर ५५६ मीटरचा, समुद्रात पाय रोवून उभा. आकाशातून पाहिलं तर त्याच्याजवळच्या पाण्यात धबधबा दिसतो, तो वाळूच्या सरकण्याचा भास. पण त्या डोंगराचं खरं मोल त्यावर लपून राहिलेल्या, मळ्यांतून पळालेल्या गुलामांमुळे आहे. लोकांच्या आठवणीत असं सांगतात की १ फेब्रुवारी १८३५ रोजी मुक्तीची बातमी घेऊन शिपाई वर चढू लागले, आणि ते पकडायला आले असं समजून माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या. २००८ मध्ये युनेस्कोने हा डोंगर जागतिक वारसा ठरवला. त्याआधी २००६ मध्ये पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाला तो मान मिळाला होता. गुलामी उठली तेव्हा मळ्यांना हात हवे होते. १८३४ ते १९२० या काळात साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर याच मार्गाने आले. घाटाच्या सोळा पायऱ्या आजही आहेत, आणि त्याही त्याच काळ्या दगडाच्या.

त्यात आपलीही माणसं होती. त्यांच्या पणतवंडांच्या घरी आज बोली क्रिओल आहे, पण शाळेत मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीची देशभर सुट्टी असते, आणि कास्कावेलसारख्या गावांत रत्नागिरीच्या जाखडीची लेक म्हणावी अशी झाकरी नाचली जाते. त्यांना भेटायला गेलात तर तुमच्या मराठीपेक्षा त्यांची मराठी निराळी वाटेल. ती दुरुस्त करायला जाऊ नका. ऐका.

जाण्याचा काळ म्हणाल तर मे ते ऑक्टोबर. तो तिथला हिवाळा असतो, हवा कोरडी आणि सुखद. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि चक्रीवादळांचा मोसम, मात्र डिसेंबरात सारं बेट गुलमोहराने पेटलेलं असतं. जंगलात जायचं तर पूर्ण बाह्यांचे कपडे, चांगले बूट आणि पावसाचा कोट हवाच.

सात दिवस असतील तर त्यातले दोन माझ्यासाठी राखून ठेवा. एक ब्लॅक रिव्हरच्या रानात, ओळखीच्या वाटाड्याबरोबर, सकाळी लवकर. दुसरा इल ओ एग्रेतवर. तिथे जाण्याआधी नाव नोंदवावं लागतं, आणि तुम्ही दिलेली फी त्याच बेटाच्या कामाला लागते. ती होडी चुकवू नका.